डाव्या हाताची मेंढी

कोनादूआत्या अंगणात शिरली ती काळं लेऊनच. थोरल्या आजीच्या मयताचे सोहळे केव्हाच उरकले होते, आणि लोकांनी आपापली रंगीत कापडं पुन्हा पेटीतून काढली होती. आत्यानं मात्र काळं सोडलं नव्हतं. तिच्या लेखी त्या मांडवात दोन मयतं झाली होती. एक थोरल्या आजीचं आणि दुसरं तिच्या मानाचं. पहिलं पुरलं गेलं होतं. दुसरं आज ती उचलून घेऊन आली होती.

पोकुआनं चुलीपाशी उभ्याउभ्या तिला पाहिलं आणि आपला उजवा हात कमरेच्या कापडात खुपसला. हात सकाळपासून गार होता. बाहेर अंगणाची लाल माती तापली होती, चुलीवर शेंगदाण्याचं सार रटरटत होतं, आणि तिची बोटं मात्र विहिरीच्या तळाशी विसरून आल्यासारखी. मधल्या बोटाच्या टोकाला तिळाएवढा काळा ठिपका उठला होता. त्यावर तिनं चिंधी बांधली होती आणि कुणी विचारलंच तर चटका बसला म्हणायचं ठरवलं होतं. पण खानावळवालीच्या बोटाला चिंधी नसती, तरच कुणी विचारलं असतं.

"अजून वेळ आहे, ताई," बिरागो हळूच म्हणाली. पोकुआच्या पाठची ही एकच बहीण. "सांगून टाक, की हातात जीव नव्हता म्हणून तसं झालं."

"आणि उद्या बाजारात काय होईल? पोकुआचा हात मेला. पोकुआला कुणीतरी करणीनं बांधलं. आता तिच्या हातचं कोण खाणार? त्यापेक्षा उद्धट म्हणालेलं बरं. उद्धट बाईचा फुफू लोक खातात."

"आत्या मेंढी मागेल."

"मेंढी मिळते बाजारात. तू सार ढवळ."

कुमासी शहरातल्या त्या रस्त्यावर खानावळी पुष्कळ होत्या. सगळीकडे मुसळ पुरुष चालवीत. पोकुआच्या दारात मुसळ पोकुआ चालवी. नवरा गेल्यापासून तिनं ते हाती घेतलं, आणि पुरुषभर उंचीचं ते लाकूड तिच्या हातात असं काही वर जाई, की वाटावं आभाळालाच टेकून परत येतंय. उकडलेला कसाव्याचा कंद आणि कच्ची केळी उखळात, आणि उखळाशी बसलेली बिरागो. मुसळ वर गेलं की बिरागोचा हात आत. फुफूचा गोळा उलटायचा, पाण्याचा थेंब लावायचा, हात बाहेर. की मुसळ खाली. दोघींमध्ये तेवढाच एक श्वास. तो श्वास चुकू नये म्हणून दोघी गात. गाणं त्यांच्या आईचं.

*उखळाच्या पोटी, माझ्या बहिणीचा हात,*
*मुसळा, ये रे जपून, तिच्या श्वासाच्या तालात.*

अलीकडे ताल चुकत होता. हात वर गेला की बधिर होई, बोटं पांढरी पडत, मुसळ आपल्या मनानं खाली येई. मागच्या आठवड्यात ते बिरागोच्या नखाला चाटून गेलं. नख काळं पडलं. त्या दिवशी दोघींनी गाणं अर्ध्यावर सोडलं.

मयताच्या मांडवात नेमकं तेच झालं होतं. रिवाजाप्रमाणे उजवीकडून डावीकडे, रांगेतल्या एकेकाला हात देत पोकुआ चालली होती. सकाळपासून आलेल्या माणसांसाठी मुसळ चालवून हात आधीच थकला होता. आत्यापाशी पोचता पोचता तो खांद्यापासून लुळा पडला, आणि समोर आत्याचा पसरलेला तळवा पाहून पोकुआचा डावा हात आपसूक पुढे झाला. भर मांडवात, बापाच्या बहिणीला, डावा हात. वाजते ढोलसुद्धा थांबले, असं नंतर मामा सांगत; ढोल तेवढे थांबले नव्हते.

अमोआतेंगमामा कुळाचे थोरले. आईचा भाऊ म्हणून पोकुआ-बिरागोवर त्यांचा शब्द शेवटचा. ते लाकडी चौरंगावर बसले. शेजारी बाफोकाका, हातात सोनेरी मुठीची काठी. बाफोकाका म्हणजे कुळाची जीभ. बैठकीत कुणी कुणाशी थेट बोलायचं नाही. शब्द आधी काकांकडे द्यायचा, काका तो घासूनपुसून पलीकडे पोचवणार. मामा आणि आत्या एकमेकांपासून हातभर अंतरावर बसले होते, तरी त्यालाही अपवाद नव्हता. उलट सोयच होती. पोकुआच्या बापाच्या शवपेटीचा रंग कोणता असावा, यावरून दोघांचं बिनसलं होतं ते अजून जुळलं नव्हतं.

आत्याला पाणी दिलं गेलं. ती प्यायली. मग मामांनी, जसं काही ठाऊकच नाही अशा सुरात, विचारायला लावलं, की बाई, कोणत्या निमित्तानं येणं केलंत.

"बाफो, अमोआतेंगच्या कानावर घाल. माझ्या भावाच्या लेकीनं चारचौघांत मला डावा हात दिला. तो हात माणूस कशाकशाला लावतो, ते त्याला माहीत असेलच."

"थोरले," काका मामांकडे वळले, "कोनादूबाई म्हणतात, की त्यांच्या फुलासारख्या भाचीकडून..."

"फुलासारखी मी म्हटलं नाही. ते काढ."

"बाई म्हणतात, फूल वगळून बाकी तसंच."

मामांनी घसा साफ केला. "बाफो, बाईंना सांग, आमची पोर लहानपणापासून दोन्ही हातांनी काम करणारी. कुठला हात पुढे गेला, ते तिलाही कळलं नसेल."

"मग दोन्ही द्यायचे होते," आत्या म्हणाली. "दोन हातांनी नमस्कार केला म्हणून कुणी रागावलेलं ऐकलं नाही मी."

मामांना हसू आलं आणि ते त्यांनी काकांच्या काठीआड लपवलं. त्यांनी पोकुआला पुढे बोलावलं. "पोरी, खरं सांग. जाणूनबुजून दिलास?"

पोकुआनं मामांकडे पाहिलं. 'नाही' म्हणावं, तर पुढचा प्रश्न 'मग का' असाच येणार. कापडातल्या हातानं मूठ वळायचा प्रयत्न केला. वळली नाही.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

मामांचा चेहरा पडला. भाचीसाठी त्यांनी मनात लांबलचक वकिली रचून ठेवली होती, ती सगळी वाया गेली. आत्यालाही ते आवडलं नसावं. भांडायला कंबर कसून आलेल्या बाईला समोरून इतक्या लवकर कबुली मिळणं म्हणजे भरल्या ताटावरून उठणंच. तरी निवाडा झाला. एक बाटली दारू आणि एक मेंढी.

मेंढी परसात बांधूनच ठेवलेली होती. मामांना निवाडा काय होणार ते बैठकीआधीच ठाऊक होतं. पांढरी, कानावर काळा डाग, आणि नजर अशी की जग तिचं काहीतरी देणं लागतंय.

"आपल्या हातानं दे," मामा म्हणाले. "उजव्या."

बिरागोनं दोरी आणून बहिणीच्या हातात ठेवली. पोकुआनं सगळा जीव बोटांत गोळा केला, आत्यासमोर गेली, हात पुढे केला. मेंढीनं मान झटकली. दोरी बोटांमधून अशी निसटली, जणू तिथे बोटं नव्हतीच.

पुढचं सगळं फार लवकर झालं. मेंढी बाफोकाकांच्या पायांमधून गेली, आणि कुळाची जीभ मातीत बसली. बाटली चौरंगाखाली घरंगळली. मामांनी मेंढीला हाक मारली, मेंढीनं त्यांना ओळख दिली नाही. शेवटी आत्यानंच आपलं काळं कापड तिच्या तोंडावर फेकून तिला धरलं, आणि धापा टाकत म्हणाली, "आधी डावा हात, आता ही तऱ्हा. दोरीसुद्धा धरवत नाही का माझ्यासाठी?"

"नाही धरवत," बिरागो म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. पोकुआनं डोळ्यांनी तिला थांबवायला पाहिलं. पण बिरागो बहिणीचे डोळे चुकवून आपल्या काळ्या नखाकडे बघत होती.

"तिला काहीच धरवत नाही. हात वर नेला की पांढरा पडतो, मेल्यासारखा. मयताच्या दिवशीही मेला होता. म्हणून डावा दिला. ती सांगणार नव्हती. मी सांगते. मला माझी बोटं हवी आहेत, मामा, आणि तिचीपण."

"पण चर्चमध्ये तर..." मामा गोंधळले. सगळ्यांना तोच रविवार आठवला. तिथे सगळ्यांचा रक्तदाब मोजला होता. मामांचा जास्त, आत्याचा जास्त, बाफोकाकांचा मोजणाऱ्याला भीती वाटावी इतका. पोकुआचा उजव्या दंडावर मोजला, तर यंत्र आधी मुकं राहिलं, मग इतका कमी आकडा दाखवला, की सगळ्यांनी तिला शाबासकी दिली. तिनं व्यासपीठावर उभं राहून देवाचे आभार मानले आणि पांढरा रुमाल हवेत फिरवत नाचलीही. त्या दिवशी हात दुखला तो रुमालानं दुखला, असं तिनं स्वतःला समजावलं होतं.

आत्यानं मेंढी काकांकडे दिली. पोकुआचा कापडातला हात ओढून बाहेर काढला, चिंधी सोडली, काळा ठिपका पाहिला. मग दुसऱ्या हातात तिचा डावा हात घेतला आणि दोन्ही हात, जसे बाजारात दोन रताळी तोलावीत तसे, धरून उभी राहिली.

"हा माणसाचा हात आहे," ती म्हणाली. "आणि हा मासळीबाजारातला."

"थोरले, बाई म्हणतात..."

"बाफो, तू आता मधे येऊ नकोस. अमोआतेंग, तू असा बसून काय राहिलास? पोरीचा हात बर्फ झालाय."

शवपेटीच्या रंगानंतर ती मामांशी पहिल्यांदाच थेट बोलली. मामा चौरंगावरून उठले. "दंड रद्द," ते म्हणाले. "आजारी माणसाला दंड नसतो."

"मेंढी दिली ती दिली. उद्या सकाळी मी हिला मोठ्या हॉस्पिटलात नेते."

"तू कोण नेणार? रक्त आमचं."

"मी हिच्या बापाची बहीण. तो नाही, म्हणजे मीच हिचा बाप."

म्हणून सकाळच्या त्रोत्रोत, भाड्याच्या मिनीबसमध्ये, पाचही जण चढले. बाफोकाका काठीसह आले. एवढी महत्त्वाची बोलणी जिभेशिवाय व्हायची कशी, हे मामांना पटवून द्यावं लागलं नाही.

डॉक्टर लामिसी उत्तरेकडच्या, लांबसडक बोटांच्या, कमी बोलणाऱ्या. समोर एक रोगी आणि चार माणसं बघून त्यांनी फक्त आणखी खुर्च्या मागवल्या. मामा पाण्याची वाट पाहत बसले. पाणी आलं नाही आणि कोणत्या निमित्तानं येणं केलंत असंही कुणी विचारलं नाही, म्हणून ते थोडे दुखावले.

डॉक्टरांनी पोकुआची दोन्ही मनगटं एकदमच धरली आणि डोळे मिटले. एखादी बाई दोन घरांतली गाणी एकाच वेळी ऐकते, तशी.

"काखेत कुबडी घेऊन चालत होतात कधी?"

"कुबडी मी घेतो कधीकधी," मामा म्हणाले.

"यांना विचारतेय. डोकेदुखीच्या गोळ्या? वर्षानुवर्षं, रोज?"

"डोकेदुखी ती दुसऱ्यांना देते," आत्या म्हणाली.

"छातीला कधी किरणांचे उपचार? अंगात बारीक ताप, वजन उतरणं?"

वजनाचं नाव निघताच चौघंही पोकुआकडे पाहू लागले आणि मग छताकडे. डॉक्टरांनीही 'नाही' असं समजून घेतलं.

"हाताची शीर अशी बंद होते ती बहुधा म्हाताऱ्या माणसांत, बिड्या ओढणाऱ्यांत. तुमचं तसं दिसत नाही. म्हणून आडवाटेची कारणं शोधतेय." त्यांनी दोन्ही दंडांवर रक्तदाब मोजला. डावा चारचौघांसारखा. उजव्याला यंत्र पुन्हा मुकं. मग त्यांची बोटं पोकुआच्या गळ्याच्या उजव्या हाडावरच्या खळगीशी आली आणि तिथेच थांबली. खाली काहीतरी टणक होतं. त्यावर काहीतरी धडधडत होतं, नको तेवढं.

"काम काय करता?"

"मुसळ चालवते."

"दाखवा."

खोलीत मुसळ कुठून येणार? आत्यानं बाफोकाकांची काठी मागितली. काका म्हणाले, कुळाची काठी आहे, तिनं फुफू कांडत नाहीत. आत्यानं ती त्यांच्या हातातून काढून घेतली.

"तुम्ही इकडे या," डॉक्टरांनी बिरागोला बोलावलं. "उखळाशी तुम्ही असता ना? इथे बोट ठेवा. लागते?"

बिरागोनं बहिणीच्या मनगटावर बोट टेकवलं. बराच वेळ काही नाही. मग कातडीखाली एक बारीक, घाबरलेलं काहीतरी तिला सापडलं. "लागते," ती म्हणाली. "दूरवरनं कुणी ढोल वाजवतंय, तसं."

"आता मुसळ वर न्या. मान तिकडे वळवा. थांबा तसंच."

पोकुआनं काठी वर नेली. सोनेरी मूठ छताच्या पंख्याला लागली. बोटं पांढरी होत गेली.

"गेली," बिरागो म्हणाली. तिचं बोट मनगटावर इकडून तिकडे हिंडलं. "ताई, गेली. काहीच नाही इथे." आणि तिला रडू कोसळलं. दिवसातून शंभरदा ज्या हाताखाली ती हात घालत होती, त्या हातात वर गेल्यावर जीवच नसायचा.

गळ्याचा आणि छातीचा फोटो काढला गेला. मग शिरेत औषध सोडून आणखी एक. डॉक्टरांनी तो काचेवर लावला. मानेच्या मणक्याशी, उजव्या बाजूला, एक हाड बाकीच्यांपासून वेगळं, वाट चुकल्यासारखं खाली आलेलं.

"ही जास्तीची फासळी आहे. जन्मापासूनची. हाताकडे जाणारी मोठी शीर हिच्यावरून जाते. हात वर नेला की या हाडात आणि गळ्याच्या हाडात ती चेंगरते. इतकी वर्षं चेंगरून ती आतून सोलली, फुगली, तिच्यात रक्ताच्या गाठी धरल्या. त्याचे कण सुटून बोटांत जातायत. हा ठिपका त्यातलाच."

बाफोकाका उठून उभे राहिले. "थोरले, डॉक्टरबाई म्हणतात, एक नदी आहे आणि तिच्या वाटेत एक दगड आहे. दगडाशी फेस धरलाय, आणि फेसाचे गोळे सुटून खालच्या गावांच्या नाल्यांत अडकतायत."

"मी दगड म्हटलं नाही," डॉक्टर म्हणाल्या.

"बाई म्हणतात, दगड वगळून..."

"नको, राहू दे," डॉक्टर म्हणाल्या. "दगड चांगला आहे. पुढचंही सांगा. आज लहान गोळे जातायत. एक मोठा गेला, तर हात वाचणार नाही. दगड काढायचा, नदीचा खराब झालेला तुकडा काढायचा, आणि पायातल्या शिरेचा तुकडा तिथे शिवायचा."

काकांनी तेही सांगितलं, पण हात वाचणार नाही हे वाक्य त्यांनी घासलंपुसलं नाही. ते तसंच पोचलं.

मग मामा आत्याकडे वळले. "जास्तीची फासळी. आमच्याकडे असलं काही नाही. रक्त आईकडून येतं, ते स्वच्छ आहे. हाडांचं मी सांगू शकत नाही."

"आमच्याकडची हाडं मोजून घ्या," आत्या म्हणाली. "एक कमी नाही, एक जास्त नाही. तुमच्या घरातच सगळं जास्तीचं. शवपेटीसुद्धा जास्तीची रंगवली."

"हे कधीकधी घराण्यात चालतं," डॉक्टर म्हणाल्या आणि उठून, काही न विचारता, आत्याच्या गळ्यातल्या मण्यांच्या माळा बाजूला सारल्या. लांब बोटं हाडामागे गेली. थांबली. "तुमच्यातही आहे."

आत्यानं माळा पुन्हा जागेवर ओढल्या.

"दोन्ही बाजूंना," डॉक्टर म्हणाल्या. मनगट धरलं, हात वर करायला लावला, मान वळवली. "तुमची नाडी छान आहे. पुष्कळांना असते ही फासळी, जन्मभर कळत नाही. तुम्ही मुसळ फारसं उचललं नसेल."

बिरागोला खोकला आला.

"आमच्याकडे उचलायला माणसं होती," आत्या म्हणाली. तिचा हात माळांखाली जाऊन दोन्ही उंचवटे चाचपून आला. हळूहळू तिची मान ताठ झाली. "म्हणूनच. म्हणूनच माझ्या आईच्या गळ्यात मणी असे उठून दिसायचे. लोक विचारायचे, माळ एवढी छान कशी बसते म्हणून." ती पोकुआकडे वळली, आणि तिचा आवाज एकदम निराळा झाला. "माझ्या भावाचंच हाड आहे हे, पोरी. गेला, पण काहीतरी ठेवून गेला."

मामांनी लोकांचं लक्ष नाही असं बघून आपला गळा चाचपला. काहीच लागलं नाही. त्यांना ते बरं वाटलं नाही.

"तर मग फासळी आमची," आत्या म्हणाली. "आणि मी सांगते, काढा."

"फासळी तुमची असेल, शीर आमची आहे," मामा म्हणाले. "गळ्याशी सुरी लावायची म्हणजे पोरखेळ नाही. घरी जाऊ. कुळ बसेल, विचार होईल."

"कुळ बसेपर्यंत हात बसेल कायमचा," आत्या म्हणाली.

"आजच दाखल व्हावं लागेल," डॉक्टर म्हणाल्या. "गाठी वाढू नयेत म्हणून औषध आजच सुरू. आणि विचार यांना करू दे. हात यांचा आहे."

सगळ्यांनी पोकुआकडे पाहिलं. काय करायचं ते या वेळेपर्यंत तिला कुणी विचारलंच नव्हतं.

"मुसळ?" तिनं डॉक्टरांना विचारलं.

"नाही. बाकी सगळं करता येईल. हात डोक्यावर नेऊन मुसळ पुन्हा नाही."

पोकुआचा नवरा गेला तेव्हा लोक म्हणाले होते, आता खानावळ बंद. तिनं मुसळ उचललं आणि लोक गप्प झाले. त्या लाकडानं तिला बाई म्हणून उभं ठेवलं होतं. ते टाकलं, की आपण कोण? तिनं आपलं बोट पाहिलं, टोकाला काळा ठिपका असलेलं. बिरागोचा हात तिच्या गुडघ्यावर होता, नखावर काळा डाग असलेला. दोन बहिणी आणि दोन काळे ठिपके, एकाच फासळीचे.

आईच्या गाण्यात मुसळाला विनवणी होती, जपून ये म्हणून. मुसळाला तरी काय कळणार? ते हाताचं ऐकतं, आणि हात ऐकेनासा झाला होता.

"काढा," ती डॉक्टरांना म्हणाली. तिनं काकांकडे पाहिलंसुद्धा नाही. काकांनीही ते कुणाला पोचवलं नाही; सगळ्यांनी ऐकलं होतं.

मामांनी एकच शंका काढली, की काढलेली फासळी कुणाच्या ताब्यात मिळणार, कारण पुरायची झाली तर कुठल्या कुळाच्या जमिनीत, हे आधी ठरलेलं बरं. डॉक्टर म्हणाल्या, ती तपासायला जाईल. त्यावर मामा आणि आत्या, दोघंही एकाच बाजूला होऊन, त्यांच्याशी भांडले. बिरागो बहिणीच्या कानात म्हणाली, एवढ्यासाठी तरी आजारी पडलीस ते बरं झालं.

पोकुआ घरी आली तेव्हा तिच्या गळ्याशी एक टाक्यांची ओळ होती आणि मांडीच्या आतल्या बाजूला दुसरी. पायाची शीर हातात बसवली हे कळल्यावर बाफोकाकांनी एवढंच विचारलं, की आता ही आपल्याला हात देते की पाय. मामांनी अंगणात खुर्च्या मांडल्या. माणसं जमली. पोकुआ मधल्या खुर्चीत बसली, आणि लोक रिवाजाप्रमाणे उजवीकडून डावीकडे हात देत निघाले.

सगळ्यांत शेवटी कोनादूआत्या आली. काळं टाकून तिनं हिरवं-पिवळं नेसलं होतं. मणी दोन पदरी जास्तीचे. मागे एक पोरगा दोरीनं मेंढी ओढत होता. मेंढी दुप्पट झाली होती. तिनं आत्याच्या परसातली केळीची पानं खाल्ली होती, दोरीवरचं रविवारचं कापड खाल्लं होतं, आणि पास्टर प्रार्थनेला आले असताना त्यांच्या टोपीचा काठही. आत्यानं तिला मुद्दाम कापलं नव्हतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला दंड दिसावा, म्हणून पुढच्या दारात बांधली होती. आता रस्त्यावरचे लोक दुसऱ्या बाजूनं जात.

आत्या रांगेतून एकेकाला उजवा हात देत आली. मामांनाही दिला. पोकुआपाशी पोचली, थांबली, आणि शांतपणे डावा हात पुढे केला.

मामांच्या चेहऱ्यावर आधी धक्का आला, आणि मग हळूहळू निर्मळ आनंद. चौरंगावर ते सरळ बसले.

"बाफो," ते म्हणाले, "भर अंगणात, चारचौघांत, आमच्या भाचीला डावा हात. कोनादूबाईंना विचार, जाणूनबुजून केलं?"

"बाई, थोरले विचारतात..."

"जाणूनबुजून," आत्या म्हणाली. "चुकलं माझं. दंड सांगा."

"एक बाटली," मामा म्हणाले. त्यांची नजर मेंढीवर गेली. मेंढीनं त्यांच्याकडे पाहिलं. "आणि एक..."

"मेंढी," आत्यानं वाक्य पुरं केलं, आणि मामांना दुसरं काही सुचायच्या आत दोरी पोराच्या हातून घेऊन पोकुआसमोर धरली. या वेळी उजव्या हातानं.

पोकुआ उठली. तिनं उजवा हात पुढे केला. दोरीचा काथ्या तळव्याला लागला, तो तिला जाणवला, खरखरीत आणि उन्हानं कोमट. तिनं मूठ वळली. मेंढीनं मान झटकली, सगळ्या अंगानं ओढ घेतली, आणि बाफोकाकांनी पाय आवरून घेतले. दोरी ताणली. सुटली नाही.

आत्यानं तिचं मनगट धरलं. काही शोधल्यासारखी बोटं फिरवली आणि थांबली. तिचे डोळे भरून आले होते, म्हणून तिनं मेंढीकडे पाहून बोलायला सुरुवात केली. "आहे. चांगली दणदणीत आहे. माझ्या भावाची अशीच लागायची. आता हिला बांध कुठेतरी, आणि मला जेवायला वाढ. तुझ्या अंगणात बसले नाही तेव्हापासून धड फुफू पोटात गेला नाही. या रस्त्यावरचे बाप्ये नुसतं पीठ बडवतात."

"आमच्याकडे बाप्या नाही, आत्या," पोकुआ म्हणाली.

तिनं दोरी आंब्याला बांधली, दोन गाठी मारल्या, आणि उखळाकडे गेली. बिरागो नेहमीच्या जागी बसू लागली, तेव्हा पोकुआनं तिला दंडाला धरून उठवलं आणि मुसळ तिच्या हातात दिलं. स्वतः उखळाशी बसली. हात ओला केला. वाफाळत्या गोळ्यावर ठेवला, तर वाफ बोटांना लागली.

बिरागोनं मुसळ कसंबसं वर नेलं. ते वरच थांबलं. "ताई, मला भीती वाटते."

"मग गा," पोकुआ म्हणाली आणि हात आत घातला.